सवय (मानसशास्त्र)

ठरावीक जागी, ठरावीक वेळी किंवा एखाद्या कामाच्या पाठोपाठ तेच वागणे पुन्हा पुन्हा घडले, की पुढे त्या प्रसंगाची चाहूलही पुरते. वेगळा निश्चय करावा लागत नाही. अशा शिकलेल्या सहजतेला मानसशास्त्रात सवय म्हणतात. ‘अंगवळणी पडणे’ या वाक्प्रचारात हीच क्रिया नेमकी टिपली आहे. ‘खोड’ म्हणताना दोष आणि ‘वळण’ म्हणताना संस्कार अभिप्रेत असतो. शास्त्रीय संज्ञेत दोन्ही नाहीत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ सायकॉलॉजी’ या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले.

सवय लागायला २१ दिवस पुरतात, या समजुतीचे मूळ बहुधा अमेरिकी प्लास्टिक सर्जन मॅक्सवेल मॉल्ट्झच्या १९६० मधील ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची ओळख पटायला रुग्णाला सुमारे तीन आठवडे लागतात, असे त्याचे निरीक्षण होते. त्याने लिहिले होते ‘किमान सुमारे २१ दिवस’, आणि तेही स्वतःविषयीची मनातली प्रतिमा बदलण्याबद्दल. पुढच्या प्रसारात ‘किमान’ आणि ‘सुमारे’ हे दोन्ही शब्द गळाले. हा दाखला प्रयोगाचा नव्हे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

फिलिपा लॅली व सहकाऱ्यांचे लंडनमधील संशोधन (छापील प्रसिद्धी २०१०) अधिक भरवशाचे ठरते. ९६ जणांनी खाण्याची, पिण्याची किंवा व्यायामाची एकेक कृती निवडली, ती रोजच्या एखाद्या प्रसंगाला बांधली आणि ८४ दिवस पाळली. न्याहारीनंतर पेलाभर पाणी पिणे, ही अशी कृती. ती किती आपसूक घडते हे रोज प्रश्नावलीतून नोंदवले गेले. सहजतेचा आलेख आधी झपाट्याने चढतो, मग सपाट होतो. हा आकार ३९ जणांच्या नोंदींशी नीट जुळला. आलेख सपाट व्हायला त्यांना लागलेल्या दिवसांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ६६, व्याप्ती १८ ते २५४. यातला २५४ हा आकडा मोजलेला नसून आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. त्यामुळे ‘६६ दिवसांचा नियम’ मांडणेही तितकेच गैर. एखादा दिवस चुकल्याने प्रगतीत फारसा फरक पडला नाही, ही या अभ्यासातली सर्वांत दिलासा देणारी नोंद. बाविसाव्या दिवशी खाडा झाला म्हणून स्वतःला दुबळ्या मनाचे ठरवणाऱ्यांपर्यंत ती पोचायला हवी.

२०२३ मध्ये व्यायामशाळेतील हजेरीच्या १.२ कोटींहून अधिक आणि रुग्णालयांतील हात धुण्याच्या सुमारे ४ कोटी नोंदी तपासण्यात आल्या. हात धुण्याची सवय काही आठवड्यांत लागते, व्यायामशाळेत जाण्याची लागायला महिने जातात, असे दिसले. सर्वांना लागू पडेल असा एक आकडा मिळाला नाही.

चातुर्मासाचे नेम चार महिने चालतात आणि स्नान, दिवेलागण, जेवण अशा रोजच्या प्रसंगांना जोडलेले असतात, हे साम्य लक्षणीय आहे. मात्र नेमामागे श्रद्धेचे बळ असल्याने थेट तुलना करता येत नाही. व्यवहारात रोजची गोळी चहाच्या कपाशी बांधणे हे याच तत्त्वाचे सोपे रूप. प्रवासात चहाची वेळ बदलली, की गोळीही राहून जाते.