रमाबाईंचं १८९७ साल

चर्चमध्ये करुणेवर प्रवचन असलं की पुण्यात पंडिता रमाबाईंचं नाव हमखास निघतं. १८९७ च्या दुष्काळातल्या पोरींना जवळ करणारी माउली, एवढीच ओळख. त्याच वर्षी त्यांनी इंग्रज सरकारला जाहीरपणे जाब विचारला होता, ते मात्र सहसा कुणी सांगत नाही.

विधवा झाल्यावर, १८८२ मध्ये, लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्यात आल्या आणि इथेच त्यांनी आर्य महिला समाज काढला. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज गावच्या सिस्टर्सनी, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींनी, त्यांना लंडनजवळ फुलमला नेलं. समाजाने टाकलेल्या बायकांना तिथे आसरा मिळत होता आणि कुणी त्यांना हिणवत नव्हतं. हे असं का, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा एका सिस्टरने बायबलातली शोमरोनी स्त्रीची, येशूने जिला हिणवलं नाही तिची, गोष्ट वाचून दाखवली. आधी त्या बायकांची सेवा दिसली, मग ख्रिस्त कळला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात हलवलं. बालविधवांना तिथे शिक्षण मिळे, धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाई प्रार्थनेला बसत तेव्हा खोलीचं दार उघडं असे, आणि मुली आपणहून येऊन बसत. १८९३ मध्ये यावरून वादळ उठलं. ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असं म्हणवत नाही. पुढे बऱ्याच मुली ख्रिस्ती झाल्याच. रमाबाईंनी मात्र दार लावून घेतलं नाही.

मग आलं १८९७. मध्य प्रांतात दुष्काळ, पुण्यात प्लेग. रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांतच गेले होते. झाडपाला खाऊन काढलेले ते दिवस आठवून दुष्काळी भागात जायला पाय धजत नव्हता, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तरी त्या गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली घेऊन आल्या. प्लेगमुळे पुण्यात त्यांना ठेवायला बंदी झाली, तेव्हा दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली.

पुण्यात तेव्हा प्लेग आवरायला नेमलेल्या रँडसाहेबाचा अंमल होता. गोरे सोल्जर घराघरांत शिरून तपासणी करत. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या इस्पितळात नेण्यात आलं होतं. तिथे आणि लोकांना वेगळं ठेवायच्या सेग्रिगेशन कँपात बायकांच्या अब्रूची काय दशा होते, हे रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ या वर्तमानपत्राला पत्र लिहून उघड केलं. सरकारने आरोप झटकून टाकले. महिन्याभरातच, २२ जूनला, चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली आणि वातावरण पार बदललं. विलायतेत अशाच तक्रारी मांडणाऱ्या गोखल्यांना परत आल्यावर माफी मागावी लागली.

हे पत्र लिहिणारी बाई स्वतः ख्रिस्ती, तिच्या कामाला पैसा येई तो अमेरिकेतल्या ख्रिस्ती देणगीदारांकडून, आणि सरकारही ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचंच. गप्प बसायला एवढी कारणं पुरेशी होती. माझ्या मते केडगावचं काम आणि हे पत्र वेगळं काढताच येत नाही: गावोगावच्या उपाशी मुलींना आणणारी बाई आपल्या सदनातल्या मुलीबद्दल मूग गिळून बसली असती, तर त्या कामाला काय अर्थ राहिला असता?

केडगावचा पसारा वाढतच गेला. १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातून आणखी शेकडो मुली तिथे आल्या.