18 वर्षांचा फ्रेशमन आणि 20 वर्षांचा फ्रेशमन

अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीत पहिल्या वर्षाच्या प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे 'फ्रेशमन' एवढंच छापलेलं असतं. त्यातला एक 18 वर्षांचा, दुसरा 20 पूर्ण केलेला. मोसमाच्या तोंडावर नव्या पोरांकडून काय मिळेल याचे अंदाज बांधताना दोघांना एकच माप लावलं जातं, आणि तिथेच अंदाज फसतो. यादी हातात आली की आधी जन्मतारीख बघावी, मग आधीची लीग. गुण (गोल आणि गोलला केलेली मदत, म्हणजे असिस्ट, मिळून) सर्वांत शेवटी.

20 वर्षांचा फ्रेशमन शाळा संपल्यावर एक-दोन वर्षं यूएसएचएल किंवा बीसीएचएलसारख्या ज्युनियर लीगमध्ये खेळून आलेला असतो. आपल्याकडे याला 'वर्षं वाया घालवली' म्हणतील. हॉकीत ही रुळलेली वाट आहे. अंगात भरलेला, मोसमात साठच्या आसपास सामने खेळण्याची सवय असलेला हा गडी कोचला पहिल्या आठवड्यापासून कामाला येतो: तिसऱ्या-चौथ्या फळीत (आळीपाळीने बर्फावर उतरणाऱ्या आघाडीच्या गटांपैकी मागच्या), फेसऑफला (दोघांमध्ये पक टाकून खेळ सुरू होतो तेव्हा), आणि संघाचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना बचावाला. शिवाय तो बहुधा तीन-चार वर्षं टिकतो. त्याचे ज्युनियरमधले गुण मात्र जपून वाचावेत. ते 16-17 वर्षांच्या मुलांविरुद्धही काढलेले असतात. कॉलेजात समोर 23-24 वर्षांचे बचावपटू येतात, तेव्हा तो फायदा संपतो.

18 वर्षांचा फ्रेशमन वेगळ्याच हिशेबाने आणलेला असतो. एनएचएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी (संघ क्रमाने तरुण खेळाडू निवडतात ती निवड) त्या वर्षीच्या 15 सप्टेंबरपर्यंत 18 पूर्ण व्हावी लागतात. म्हणून ऑक्टोबर-डिसेंबरात जन्मलेली मुलं शाळा वेळेत संपवून ड्राफ्टच्या आधीच कॉलेजात एक मोसम खेळू शकतात. ॲडम फँटिली ऑक्टोबरचा. मिशिगन विद्यापीठाकडून 2022-23 मध्ये त्याने 36 सामन्यांत 65 गुण काढले, कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा हॉबी बेकर पुरस्कार घेतला आणि मग ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर निवडला गेला. मॅकलिन सेलेब्रिनी जूनचा, पण शाळा लवकर उरकून 17व्या वर्षीच बोस्टन युनिव्हर्सिटीत आला. 38 सामन्यांत 64 गुण आणि तोच पुरस्कार. फ्रेशमन असताना हा मान त्यांच्याआधी फक्त पॉल कारिया (1993) आणि जॅक आयकेल (2015) यांना मिळाला होता. अडचण अशी की लोक याच चौघांना मोजपट्टी करतात. सेलेब्रिनीने यूएसएचएलमध्ये 50 सामन्यांत 86 गुण काढले होते आणि कॉलेजातही जवळपास तोच वेग राखला. बाकीच्यांचा वेग चांगलाच उतरतो, आणि त्यात काही बिघडलं असं समजायचं कारण नाही.

कोवळा फ्रेशमन नेमका कुठे अडतो? मैदानाच्या कडेच्या कठड्याशी पकसाठी (रबरी चकतीसाठी) होणाऱ्या रेटारेटीत आणि गोलसमोरच्या गर्दीत. उघड्या बर्फावर आणि पॉवर प्लेमध्ये (समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना) त्याचं कौशल्य दिसतं, त्यामुळे त्याचे गुण पाहताना पॉवर प्लेचे वेगळे काढावेत. पाच विरुद्ध पाच खेळात तो किती देतो, हा खरा आकडा. दुसरी खोट डिसेंबरअखेरची: 20 वर्षांखालच्या जागतिक स्पर्धेसाठी राष्ट्रीय संघ त्याला काही आठवडे घेऊन जातो. आणि मोसम फारच चांगला गेला, तर वसंतात तो व्यावसायिक करार करून निघूनही जातो. (नुसता ड्राफ्ट झाला म्हणून कोणी जात नाही, ड्राफ्ट झालेला खेळाडू करार करेपर्यंत कॉलेजात खेळू शकतो.)

राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत हा फरक दिसला आहे. 2023 मध्ये लोगन कूली या 60 गुणांच्या फ्रेशमनचा मिनेसोटा संघ वयाने थोराड क्विनिपिॲककडून जादा वेळेच्या दहाव्या सेकंदाला 3-2 हरला. 2024 मध्ये बोस्टन कॉलेजच्या पहिल्या फळीत विल स्मिथ, रायन लेनर्ड आणि गेब पेरो हे तिघेही फ्रेशमन होते. स्मिथचे 71 गुण देशात सर्वाधिक. डेन्व्हरने त्यांना एकही गोल करू दिला नाही, 2-0. पण यावरून 'कोवळी पोरं जिंकून देत नाहीत' असं म्हणणंही घाईचं, कारण त्याच डेन्व्हरच्या बचावफळीत झीव बुइयम हा डिसेंबरात 18 पूर्ण केलेला फ्रेशमन होता आणि त्याचे मोसमातले गुण 50.

गोलरक्षकांना यातलं काहीच लावू नये, त्यांचं पिकणं निराळं.

आता यात कॅनडाची सर्वांत वरची ज्युनियर पातळी, मेजर ज्युनियर, म्हणजे सीएचएल आली आहे. तिथे खेळलेल्यांना कॉलेजची दारं बंद असायची. 2025-26 च्या मोसमापासून ती उघडली. 2024-25 मध्ये तिथल्या मेडिसिन हॅट संघाकडून 56 सामन्यांत 129 गुण काढणारा गॅव्हिन मकेना 17व्या वर्षी पेन स्टेट विद्यापीठात आला, तो याच दारातून. त्याच दारातून 19-20 वर्षांचे, साठहून जास्त सामन्यांचे तीन-चार मोसम पचवलेले गडीही येताहेत. चार वर्षांची जागा आता कोणी धरून ठेवत नाही: खेळाडूंना पैसे देण्याबाबतच्या नव्या न्यायालयीन तडजोडीत (हाउस सेटलमेंट) सामील झालेल्या कॉलेजांना संघ 26 जणांपुरता ठेवावा लागतो. तेव्हा ज्युनियरमध्ये ठीकठाक खेळलेल्या 20 वर्षांच्या फ्रेशमनबद्दल अंदाज बांधताना, तो किती गुण काढेल याआधी तो रोजच्या संघात बसेल का, हे तपासावं.