डेट्रॉइटची गार्डियन बिल्डिंग आणि तिच्यामागची बँक

आर्ट डेको ही बांधकामशैली म्हटली की आपल्याला मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोरच्या इमारती आठवतात, आणि गगनचुंबी म्हटलं तर न्यूयॉर्कची क्रायस्लर. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइटच्या डाउनटाउनमधल्या गार्डियन बिल्डिंगबद्दल मात्र फार कोणी बोलत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

१९२० च्या दशकात मोटारींच्या धंद्यामुळे डेट्रॉइटमध्ये पैसा नुसता खेळत होता. युनियन ट्रस्ट कंपनीला स्वतःचं मोठं ऑफिस हवं होतं आणि ते काम वर्ट रोलंड या आर्किटेक्टकडे गेलं, जवळच्या ब्यूल आणि पेनॉबस्कॉट या दोन टोलेजंग इमारतीही त्याच्याच. त्या काळात बँक म्हटली की दगडी खांब आणि करडा रंग हे ठरलेलं, रोलंडने सरळ केशरी विटा घेतल्या, त्यांचा रंग खास या इमारतीसाठी ठरवला, आणि तो लोकांना इतका आवडला की विटा बनवणाऱ्यांनी पुढे तशाच विटा 'युनियन ट्रस्ट ब्रिक' म्हणून विकल्या. दारावरच्या अर्धघुमटात डेट्रॉइटच्याच प्यूऑबिक पॉटरीच्या टाइल्स, आत लॉबीच्या कमानदार छतावर सिनसिनाटीच्या रूकवूडच्या टाइल्स, सगळीकडे पायऱ्यापायऱ्यांची अ‍ॅझटेक वळणाची नक्षी, जाळ्या मोनेल धातूच्या, म्हणजे निकेल आणि तांब्याचा मिश्रधातू, सहसा गंजत नाही. रंग इतके भडक असूनही काहीच अंगावर येत नाही, ही रोलंडची कमाल. बँकिंग हॉलच्या छताला घोड्याच्या केसांचा थर देऊन वर रंगवलेलं कॅनव्हास लावलंय, कारण एवढ्या मोठ्या हॉलमध्ये आवाज घुमू नये. हॉलच्या टोकाला एझ्रा विंटरने काढलेलं मिशिगनचं भलंमोठं भित्तिचित्र आहे, शेती, खाणी, कारखाने सगळं त्यात, आणि चर्चमध्ये वेदी असते तशा जागी ते असल्यामुळे लोक हिला अर्थकारणाचं कॅथेड्रल म्हणायचे.

सुमारे ४० मजल्यांची ही इमारत १९२९ ला उघडली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शेअर बाजार कोसळला. कंपनी मोटारवाल्या हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल याचा हात असलेल्या गार्डियन ग्रुपमध्ये विलीन झाली, गार्डियन हे नाव तिथूनच आलं. पण जमिनी आणि घरांवर दिलेली कर्जं बुडत गेली आणि १९३३ च्या फेब्रुवारीत युनियन गार्डियन ट्रस्ट, म्हणजे तीच कंपनी, अगदी बुडायला आली. तिला वाचवायला लागणाऱ्या सरकारी कर्जासाठी हेन्री फोर्डने आपल्या सुमारे ७५ लाख डॉलरच्या ठेवीवरचा पहिला हक्क सोडावा असं ठरत होतं, मुलगा एडसेल त्याच ग्रुपमध्ये होता तरी हेन्रीने साफ नकार दिला. १४ फेब्रुवारीला गव्हर्नर कॉमस्टॉकने मिशिगनमधल्या सगळ्या बँका आठ दिवस बंद केल्या, मग घबराट एकेका राज्यात पसरत गेली आणि ६ मार्चला रूझवेल्टने देशभरच्या बँका बंद ठेवायचा हुकूम काढला. लोकांनी निर्धास्तपणे पैसे ठेवावेत म्हणून एवढा थाट केला, आणि त्याच कंपनीमुळे राज्यभर लोकांना स्वतःचे पैसे काढता येईनात, हे वाचून मला फार हळहळ वाटते.

इमारत मात्र टिकली. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने युद्धसामग्रीच्या उत्पादनावर देखरेखीसाठी ती वापरली, १९८९ ला नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्कचा दर्जा मिळाला, २००७ ला वेन काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, विकत घेतली आणि आता तिथे काउंटीची ऑफिसं आहेत. कधी डेट्रॉइटला गेलात तर बाहेरून फोटो काढून परत फिरू नका, आत जाऊन लॉबी आणि तो हॉल बघाच.