मोबाइल इंटरनेट आणि लघुउद्योजकता : सोलापूर

मोबाइल फोनवर मिळणाऱ्या इंटरनेट सेवेच्या आधाराने लहान उत्पादक, कारागीर व विक्रेते व्यवसाय उभारतात किंवा वाढवतात, त्या व्यवहाराचा विचार या नोंदीत केला आहे. विकसनशील देशांतील बहुसंख्य लोकांनी इंटरनेट प्रथम पाहिले ते संगणकावर नव्हे, तर फोनवरच. त्यामुळे तेथे दुकानाची पाटी, मालाचा नमुना, हिशेबाची वही आणि गल्ला हे सारे एका हातात मावणाऱ्या यंत्रात आले.

इंटरनेट येण्याआधीच साध्या फोनने बाजाराची घडी बदलायला सुरुवात केली होती. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल सेवा पोहोचली, तेव्हा मच्छीमार होडीतूनच निरनिराळ्या बंदरांवरील भाव विचारू लागले. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ मधील अभ्यासात त्या बाजारांतील भावांची तफावत कमी झाल्याचे आणि मासळीची नासाडी थांबल्याचे दिसून आले. केनियात २००७ साली सुरू झालेली एम-पेसा ही पैसे पाठवण्याची सेवाही इंटरनेटवाचून चालत असे. भारतात एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय, सप्टेंबरमध्ये जिओची स्वस्त ४जी सेवा आणि ८ नोव्हेंबरला नोटाबंदी अशा तीन गोष्टी एकाच वर्षात घडल्या, आणि चहाच्या टपरीपर्यंत क्यूआर कोड पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला.

सोलापुरात या बदलाचा लाभ सर्वांना सारखा झालेला नाही, आणि त्याचे कारण बरेचसे मालाच्या वजनात व टिकाऊपणात आहे. शेंगांची चटणी हलकी असते, आठवडेच्या आठवडे टिकते आणि तिची ओळख करून द्यावी लागत नाही. कडक भाकरीत ओल उरत नसल्याने तीही प्रवासाला चालते, फक्त पोहोचेपर्यंत तिचे तुकडे होऊ नयेत एवढी काळजी घ्यावी लागते. त्यामुळे घरी किंवा बचत गटात चटणी कुटणाऱ्या बाईला व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर फोटो टाकून पुण्या-मुंबईची मागणी घेता येते, पैसे यूपीआयने आधी मागता येतात आणि डबा कुरिअरने धाडता येतो. दुकानाचे भाडे व अनामत रक्कम या दोन जुन्या अडचणी येथे खरोखरच टळतात.

चादरीचे गणित वेगळे आहे. जाड सुती जॅकार्ड चादर (विणतानाच नक्षी उमटवलेली) वजनाला भारी, कुरिअरचा दर वजनावर, आणि माल पोहोचल्यावर पैसे देण्याच्या पद्धतीत ग्राहकाने ती नाकारली तर परतीचा खर्चही विकणाऱ्याच्याच माथी बसू शकतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागात बनलेल्या मालालाच लावता येते. तरी पडद्यावरच्या फोटोत सुताचा पीळ हाताला लागत नाही, त्यामुळे परगावी विणलेली स्वस्त चादरही त्याच नावाने खपवता येते. शिवाय मजुरीवर यंत्रमाग चालवणाऱ्या विणकराचा ग्राहकाशी संबंध पूर्वीही नव्हता आणि आताही येत नाही. सूत व्यापाऱ्याचे, नक्षी व्यापाऱ्याची, मग फोन कितीही वेगवान असला तरी त्याने विकायचे काय? मोबाइल इंटरनेटने उद्योजक घडवले, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न सहसा विचारलेला नसतो.

सोलापूरची कृषी उत्पन्न बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. शेतकऱ्याला आता गाडी भरण्यापूर्वी लासलगावचा व सोलापूरचा भाव फोनवर कळतो, पण कांदा साठवायला चाळ नसेल तर कळलेल्या भावाची वाट पाहणे त्याला परवडत नाही.

या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात. घरात तेलुगू बोलणाऱ्या आणि लिहिण्याचा सराव नसलेल्या विक्रेत्याला टंकलेल्या मजकुरापेक्षा आवाजी संदेश सोयीचा पडतो. मात्र अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो घेऊन घरातले कोणी कामावर गेले की घरगुती व्यवसायाचे दुकानही त्याच्याबरोबर बाहेर जाते.

कायद्याच्या बाजूने पाहता खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्न सुरक्षा नोंदणी लागते. ऑनलाइन विक्रीमंचावरून माल विकणाऱ्याला उलाढाल कितीही लहान असली तरी पूर्वी जीएसटी नोंदणी घ्यावीच लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून उलाढालीच्या ठरावीक मर्यादेखालील विक्रेत्यांना त्यातून सूट मिळाली, परंतु ती राज्यांतर्गत विक्रीपुरती. त्यामुळे सोलापूरची चटणी राज्याच्या दुसऱ्या टोकाला नागपूरला जीएसटी नोंदणीशिवाय जाऊ शकते, आणि १०० किलोमीटरच्या आसपास असलेल्या विजापूरला, म्हणजे कर्नाटकात, पाठवायची तर आधी ती नोंदणी करावी लागते.