पुण्यात पर्जन्यजल पुनर्भरणासाठी मिळकतकरात सवलत : अर्ज, कागदपत्रे आणि पाहणीआधीची तयारी

पुणे महानगरपालिका सौरऊर्जा, गांडूळखत आणि पर्जन्यजल संकलन यांपैकी एक प्रकल्प चालू असेल तर मिळकतकरात ५ टक्के सवलत देते, दोन किंवा अधिक असतील तर १० टक्के. ही सवलत बिलातल्या सर्वसाधारण करावर मोजतात, एकूण रकमेवर नाही. त्यामुळे हिशोब करताना बिलातली तीच ओळ बघा.

प्रकल्प चालू स्थितीत असणं ही मुख्य अट. पाहणीत तो बंद आढळला तर सवलत जाते, आणि ते योग्यच आहे. ५०० चौ.मी. किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार पर्जन्यजल संकलनाची यंत्रणा सक्तीचीच आहे. ती बसवली नाही किंवा सांभाळली नाही तर दर १०० चौ.मी. बांधकामामागे वर्षाला १,००० रुपयांपर्यंत आकारणी करता येते.

अर्ज करआकारणी व करसंकलन विभागाकडे जातो. फाइलमध्ये चालू वर्षाचं बिल, कर भरल्याची पावती, भोगवटा पत्र, मंजूर नकाशातला पुनर्भरणाचा (पावसाचं पाणी जमिनीत जिरवण्याचा) भाग, काम केल्याचं बिल आणि फोटो असू द्यात. फोटो तीन ठिकाणचे हवेत: गच्चीवरचं पाइपचं तोंड, फिल्टर आणि खड्डा किंवा बोअर. सोसायटीचा अर्ज असेल तर लेटरहेडवर, ठरावाच्या प्रतीसह द्या आणि प्रत्येक सदनिकेचा मिळकत क्रमांक यादीत लिहा. बिल प्रत्येकाचं वेगळं असतं. यादीतून एखादा क्रमांक सुटला की त्या घराला विनाकारण पूर्ण कर भरावा लागतो. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

खरी अडचण स्थळपाहणीत येते. अनेक इमारतींत खड्डा असतो, पण गच्चीचे पाइप थेट ड्रेनेजच्या चेंबरला जोडलेले असतात. गच्चीवर दोन-तीन बादल्या पाणी ओतून ते नेमकं कुठे पोचतं ते आधीच बघून घ्या. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी त्याच पाइपात सोडलेलं असेल तर ती जोडणी आधी तोडा. बोअरमध्ये साबणाचं पाणी जाणं ही साधी चूक नाही, त्याने सगळ्यांचं भूजल नासतं.

नियमावलीत दिलेला शोषखड्डा १.२ मीटर लांब, तितकाच रुंद आणि २ ते २.५ मीटर खोल असतो. तळाला निम्म्या उंचीपर्यंत ४० मिमी खडी, त्यावर २० टक्के २० मिमी खडी, मग २० टक्के जाड वाळू आणि वर बारीक वाळूचा पातळ थर. वरचा १० टक्के भाग मोकळा ठेवायचा. दर १०० चौ.मी. गच्चीला १०० मिमी व्यासाचे किमान दोन पाइप हवेत, प्रत्येक तोंडाला डासांची जाळी हवी आणि पहिलं पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह तर हवाच. पक्ष्यांची विष्ठा आणि उन्हाळ्यातली धूळ त्याच पाण्यात असते. १०० चौ.मी. गच्चीवरचा पहिला २ मिमी पाऊस म्हणजे २०० लिटर, तेवढा जाऊ द्या. वर्षभर न फिरवलेला व्हॉल्व्ह बहुधा अडकलेला असतो. मेमध्येच प्लंबरकडून मोकळा करून घ्या.

पाणी खड्ड्यात तुंबत असेल तर वरची बारीक वाळू गाळाने बंद झाली आहे असं समजा. तेवढाच थर काढून धुवा किंवा बदला, अख्खा खड्डा उपसायची घाई नको. पाया आणि शेजारच्या भिंतीत ओल येणार नाही इतकं अंतर मात्र खड्डा खोदतानाच राखावं लागतं, नंतर ते सुधारता येत नाही.

पाणी जमिनीत जिरवण्याऐवजी टाकीत साठवत असाल तर ते फ्लश, धुणं, गाड्या आणि बागेसाठी वापरा. २०० चौ.मी. गच्चीवर ७०० मिमी पाऊस झाला आणि त्यातलं ८० टक्के हाती लागलं तर १,१२,००० लिटर होतात. अर्जात असा हिशोब जोडला की पाहणीला येणाऱ्यालाही टाकीचं माप पटतं.

पुढच्या बिलात सवलत दिसली नाही तर पोच आणि जुनं बिल घेऊन क्षेत्रीय कार्यालयात दुरुस्तीचा अर्ज द्या.