आवाज येतो, शब्द येत नाहीत

"आवाज भरपूर येतोय रे, पण बोलतात काय ते कळत नाही." गेल्या पावसाळ्यात आईचं हे वाक्य आमच्या घरी रोज रात्री ऐकू यायचं. आई 78 वर्षांची आहे आणि सिनेमा तिला मनापासून आवडतो. मी आवाज वाढवायचो, की मारामारीच्या प्रसंगाला खिडकीची तावदानं थरथरायची. कमी केला की संवाद बुडायचे. सकाळी त्याच स्पीकरांवर मी ख्याल लावला, तर तानपुरा पत्र्याच्या डब्यात ठेवल्यासारखा वाजायचा. एका खोक्यात मिळणारा तो पाच चिमुकल्या स्पीकरांचा संच होता. खोक्यावर हजारो वॅटचा आकडा छापलेला होता.

नवे स्पीकर बघायला ग्वाल्हेरच्या बाजारात, बाड्यावर गेलो, तर प्रत्येक दुकानात पहिला प्रश्न एकच: "गाण्यांसाठी हवेत की सिनेमासाठी?" मी भौतिकशास्त्र शिकवत आलो आहे, आणि या प्रश्नातच घोळ आहे असं मला ठामपणे वाटतं.

स्पीकरच्या आत लोहचुंबक असतो, त्याच्या फटीत तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याला चिकटवलेला कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा शंकू. तारेतून वीज उलटसुलट वाहिली की शंकू पुढेमागे हलतो आणि हवा ढकलतो. अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी 1925 साली ही रचना मांडली. आपल्या घरातले बहुतेक स्पीकर आजही त्याच तत्त्वावर चालतात. हलणाऱ्या शंकूला समोर बंदिश आहे की पाठलाग, याचा पत्ता नसतो. विजेत जे आहे ते हवेत जसंच्या तसं उतरवणं एवढंच त्याचं काम. ते नीट करणारा स्पीकर दोन्हीकडे चांगला वाजतो, न करणारा दोन्हीकडे वाईट.

खरं तर गाण्याचा स्टिरिओही सिनेमामुळेच सुचलेला आहे. इंग्लंडमधला अभियंता अ‍ॅलन ब्लमलाइन बोलपट बघायला गेला असताना त्याला खटकलं की माणूस पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज भलतीकडून. त्यातून त्याने दोन वाहिन्यांचा ध्वनी रचला आणि 1931 साली पेटंटसाठी अर्ज केला. आपल्याकडचा पहिला बोलपटही त्याच वर्षीचा.

मग फरक काहीच नाही का? आहे, पण तो मागणीत आहे. आपल्या रागसंगीताचा बहुतेक ऐवज मधल्या पट्टीत असतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो सुमारे 139 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 139 कंपनं, आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, 69 हर्ट्झच्या आसपास. त्यातही गंमत अशी, की जवारीमुळे, म्हणजे घोडीच्या वळणावर तार हलकी घासत राहते त्यामुळे, त्या तारेतून वरच्या स्वरांशांची रांगच्या रांग निघते आणि त्या रांगेवरून मेंदू मूळ खर्ज स्वतः ओळखतो. म्हणून लहान स्पीकर 69 हर्ट्झ पुरेसे काढत नसला तरी खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो. स्फोट, भूकंप, विमान यांना अशी मदत मिळत नाही. सिनेमातले ते आवाज 20 ते 40 हर्ट्झपर्यंत उतरतात, आणि तेवढी हवा ढकलायला मोठा शंकू आणि मोठी पेटीच लागते. सिनेमात कुजबुज आणि गडगडाट यांतलं अंतरही फार मोठं. चित्रपटगृहाच्या मापात प्रत्येक मुख्य वाहिनीची नेहमीची पातळी 85 डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप) धरतात आणि त्यावर आणखी 20 डेसिबलची मोकळीक ठेवतात. घरात कुणी 105 डेसिबलवर सिनेमा बघत नाही, बघूही नये.

पण आईची तक्रार स्फोटांची नव्हती, शब्दांची होती. तिथे मी आधी स्पीकरवर संशय घेतला, आणि निम्मा दोष निघाला खोलीचा.

आमचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं, जुनं. भिंती दगडी, वर दगडी पटियांचं छत. पूर्वी बैठकीत जाजम असे, त्यावर गाद्या आणि लोड-तक्के. वर्षभरापूर्वी आम्ही खोली नवी केली. गुळगुळीत टाइल्स बसवल्या, गाद्या माळ्यावर टाकल्या, रेक्झिनचा सोफा आणला, जाड पडदे काढून पातळ लावले. खोली देखणी झाली आणि तिच्यात आवाज घुमायला लागला.

घुमण्याचं गणित पहिल्यांदा मांडलं वॉलेस सॅबिन या हार्वर्डच्या तरुण प्राध्यापकाने, 1895 पासून काही वर्षं खपून. तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नसे. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, थोड्या थोड्या करून पसरल्या आणि दर वेळी आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजलं. त्याचं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, 0.161 ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचे चौरस मीटर गुणिले तो आवाजाचा जेवढा भाग शोषतो तो, या सगळ्यांची बेरीज) भागा. आमची खोली 15 फूट बाय 12 फूट, उंची 10 फूट, म्हणजे सुमारे 51 घनमीटर. दगड, गिलावा, टाइल्स पडणाऱ्या आवाजाचा जेमतेम तीन टक्के भाग शोषतात. तेवढंच धरलं तर आवाज विरायला सव्वातीन सेकंद लागतील. सोफा, कपाटं, दारं आणि माणसं धरून मी फोनवर मोजलं तेव्हा सव्वा सेकंद भरलं. बोलणं स्वच्छ कळायला अशा खोलीत साधारण अर्धा सेकंद हवा.

याचा शब्दांशी संबंध असा. ताक, ताप, ताट, तास हे शब्द म्हणून बघा. 'ता' जोरकस आणि लांब आहे, आणि शब्द ठरवणारं शेवटचं व्यंजन क्षीण, क्षणभराचं. घुमणाऱ्या खोलीत 'ता' विरायच्या आतच 'क' किंवा 'प' येतो आणि त्याखाली गाडला जातो. आवाज वाढवला तर दोन्ही सारखेच वाढतात, मग फायदा कसला? त्यातून व्यंजनांची ओळख मुख्यतः 2000 हर्ट्झच्या वरच्या भागात असते आणि वयाबरोबर कान आधी वरचाच भाग गमावतो. आईला आवाज ऐकू येत होता, शब्द येत नव्हते, ते तंतोतंत खरं होतं. मला ते समजायला चार महिने लागले याचं आजही वाईट वाटतं.

तानसेनाच्या या गावात, जिथल्या गायकीत बंदिशीचा शब्द स्वच्छ मांडण्याला इतका मान आहे, तिथल्या बैठका गाद्या-लोडांवर भरत. गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी घातलेली ती बैठक आवाजही आवरत होती. आम्ही माळ्यावरून दोन गाद्या उतरवल्या, जाजम अंथरलं, जाड पडदे पुन्हा लावले, पुस्तकांचं एक उघडं शेल्फ बाजूच्या भिंतीला आणलं. मोजणी पाऊण सेकंदाच्या खाली आली. जुन्याच स्पीकरांवर आई म्हणाली, "आज बरं कळतंय." तोवर एक रुपयाही खर्च झाला नव्हता.

गाद्या खर्जाला, म्हणजे अगदी खालच्या स्वरांना, मात्र आवरत नाहीत. 40 हर्ट्झची लहर साडेआठ मीटर लांब असते, चार इंचाची गादी तिच्या खिजगणतीतही नाही. अशा लहरी समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून खोलीचा स्वतःचा स्वर तयार करतात. ध्वनीच्या वेगाला लांबीच्या दुपटीने भागलं की तो मिळतो. 15 फुटांना 37-38 हर्ट्झ, 12 फुटांना 47. या स्वराचा जोर भिंतीपाशी सर्वांत जास्त आणि खोलीच्या मधोमध जवळपास शून्य. आणि आपल्या घरांत सोफा कुठे असतो? मागच्या भिंतीला टेकून. तिथे बसणाऱ्याला प्रत्येक ढोल एकसुरी घुमल्यासारखा लागतो. सोफा दोन-तीन फूट पुढे घेतला तरी तबल्याचा बायां मोकळा होतो. स्पीकर कोपऱ्यात किंवा कोनाड्यात ठेवण्याचंही तेच. जुन्या घरात कोनाडा दिसला की त्यात स्पीकर बसवायचा मोह होतो, पण कोनाडा म्हणजे आणखी एक पेटीच. स्पीकर भिंतीपासून हातभर तरी पुढे असावा.

आता निवड. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी 1980 च्या दशकात लोकांना पडद्याआड ठेवलेले स्पीकर ऐकवले, नाव आणि किंमत न सांगता. ऐकणाऱ्यांची पसंती आश्चर्य वाटावं इतकी जुळली. समोरून मोजलं असता सर्व स्वर सारख्या जोराने देणारे, आणि बाजूलाही तोच तोल टिकवणारे स्पीकर लोकांना आवडले. बाजूचा आवाज महत्त्वाचा, कारण घरात कानावर पडणारा बराचसा आवाज भिंतींवरून येतो. शंकूच्या व्यासाएवढी लहर झाली की आवाज झोतासारखा सरळ जायला लागतो. साडेसहा इंची स्पीकरमध्ये हे अडीच हजार हर्ट्झच्या सुमारास घडतं, म्हणून त्याआधीच काम वरचे स्वर काढणाऱ्या लहान ट्वीटरकडे गेलं पाहिजे. ही कसोटी दुकानात घेता येते. ओळखीच्या माणसाचं साधं बोलणं लावा आणि स्पीकरसमोरून चालत बाजूला जा. आवाज थोडा मऊ व्हावा, पण माणूस बदलू नये.

दुसरी खबरदारी जास्त गरजेची आहे. दोन स्पीकर ताडून बघताना आवाजाची पातळी फोनवर मोजून सारखी करा. कणभर मोठा वाजणारा स्पीकर कानाला नेहमी सरस वाटतो, शिवाय मोठ्या आवाजात खर्ज आणि तार जास्त भरतात. कानाचा हा स्वभाव फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 साली मोजून दाखवला. एका दुकानात मला जो स्पीकर अप्रतिम वाटला तो चार डेसिबल मोठा लावलेला होता. सारखा केल्यावर दुसराच निवडावासा वाटला.

वॅटच्या आकड्याला फार भाव देऊ नका. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. 'पीएमपीओ' म्हणून छापलेल्या आकड्याला ठरलेलं मोजमापच नाही, 'आरएमएस', म्हणजे सलग देता येणारे वॅट, बघा. त्याहून उपयोगी आकडा संवेदनशीलतेचा: एक वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. 87 डेसिबलची जोडी तीन मीटरवरून एक वॅटला साधारण 84 डेसिबल देते. म्हणजे दहा वॅटला 94, शंभर वॅटला 104. बैठकीच्या खोलीला यापेक्षा जास्त काय लागणार?

डाव्या-उजव्या जोडीच्या मधोमध, टीव्हीपाशी ठेवायचा मधला स्पीकर घ्यावा का, याचं उत्तर माणसं किती आणि कुठे बसतात यावर आहे. दोन स्पीकरांमधून गायक मधोमध उभा दिसतो तो भास असतो, आणि तो मधल्या एकाच जागेवरून नीट बसतो. सोफ्याच्या टोकाला बसलात की आवाज जवळच्या स्पीकरकडे सरकतो. मधोमध बसलात तरी प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर किंचित पुढेमागे ऐकू येतात, आणि त्यामुळे 2000 हर्ट्झच्या आसपास एक खड्डा पडतो, नेमका व्यंजनांच्या जागी. खरा मधला स्पीकर हा खड्डा भरून काढतो. एकट्याने गाणं ऐकणाऱ्याला त्याची गरज नाही. घरात वयस्कर माणूस असेल आणि सिनेमे चालत असतील तर तो जरूर घ्यावा, शेजारच्या जोडीच्याच जातीचा. साउंडबारमध्ये, म्हणजे टीव्हीखालच्या एकाच लांबट पेटीत, मधला आवाज बरा मिळतो, पण मीटरभर लांबीचा बार तीन मीटरवरून जेमतेम 19 अंशांत मावतो आणि गाण्याला 60 अंशांची ऐसपैस जागा हवी असते. मागचे आणि छतातले स्पीकर सर्वांत शेवटी, पैसे उरले तर.

आम्ही साडेसहा इंची बुकशेल्फ जोडी घेतली, कानाच्या उंचीच्या स्टँडवर. तिच्याच मालिकेतला मधला स्पीकर टीव्हीखाली, आईकडे किंचित वर रोखलेला. 80 हर्ट्झच्या खालचं काम सबवूफरला, म्हणजे फक्त खर्ज काढणाऱ्या स्पीकरला दिलं. एवढा खर्ज कुठून येतो ते कानाला ठरवता येत नाही, त्यामुळे तो कुठेही ठेवता येतो. ऐकणारा आणि सबवूफर यांनी जागा बदलल्या तरी ऐकू येणं तेच राहतं, म्हणून जागा शोधायला सबवूफर सोफ्यावर ठेवला, एक हळू चढत जाणारा स्वर लावला आणि मी जमिनीलगत खोलीभर रांगत ऐकत फिरलो. जिथे सगळे स्वर सारखे लागले, ती जागा बाजूच्या भिंतीच्या एक तृतीयांशावर निघाली. आता सबवूफर तिथेच आहे. आईचे सिनेमे पूर्वी सरासरी 72 डेसिबलवर चालत, आता 63 वर चालतात.

खोलीच्या लांबीमुळे येणारा 37 हर्ट्झचा उंचवटा अजून पुरता गेलेला नाही. मी तो डिसेंबरात मोजला, तेव्हा खोलीत 10 अंश होते आणि त्या हवेत आवाज सेकंदाला 337 मीटर जातो. मे महिन्यात इथे खोलीतसुद्धा 40 अंश होतात, वेग 355 वर जातो आणि खोलीचा स्वर 37 वरून 39 च्या जवळ चढतो. कोमल आणि शुद्ध स्वरात असतं जवळजवळ तेवढं अंतर. उन्हाळ्यात सोफा आणि सबवूफर दोन्ही पुन्हा मोजून बसवायचे आहेत.