डीपी रस्ता आणि ले-आउटचा रस्ता: यातला पालिकेचा कोणता?

सोसायटीचा सचिव म्हणून पालिकेला केलेल्या एका अर्जाचं उत्तर माझ्या फाइलला अजून आहे. गल्लीतले दोन दिवे बंद होते आणि पावसाने डांबर धुऊन गेलं होतं. उत्तर एका ओळीचं आलं: ‘सदर रस्ता महानगरपालिकेकडे हस्तांतरित झालेला नसल्याने काम करता येत नाही.’ आम्ही चक्रावलो. घंटागाडी याच रस्त्याने येते, मिळकतकर वेळेवर जातो, कोपऱ्यावर रस्त्याच्या नावाची पाटीसुद्धा आहे. समितीतले एक काका ठासून म्हणाले, “अहो, डीपी रोड आहे हा, मी स्वतः नकाशात पाहिलाय.” त्यांनी पाहिला होता तो बिल्डरचा मंजूर ले-आउट, म्हणजे त्याच्या जमिनीतले प्लॉट आणि रस्ते दाखवणारा नकाशा. डीपीचा नकाशा वेगळा असतो, आणि आमची गल्ली त्यात नव्हतीच.

डीपी म्हणजे शहराची विकास योजना. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याखाली, म्हणजे एमआरटीपीखाली, ती होते: आधी प्रारूप आराखडा, मग हरकती-सूचना, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. त्यात कुणाच्या शेतातून, कुणाच्या बंगल्याच्या कुंपणातून 18 किंवा 24 मीटरच्या दोन समांतर रेघा जातात. लोक इथेच फसतात. रेघ पडली म्हणून जमीन पालिकेची होत नाही. ती मालकाचीच राहते, सातबाऱ्यावर नाव त्याचंच राहतं. फक्त त्या पट्ट्यावर त्याला बांधकाम करता येत नाही.

जमीन हातात यायला कलम 126 मधल्या तीन वाटा आहेत. मालकाशी बोलून रोख मोबदल्यात घ्यायची, मोबदल्याऐवजी एफएसआय (प्लॉटवर बांधकाम करण्याचा हक्क) किंवा टीडीआर (तोच हक्क दुसऱ्या जागी वापरण्याची मुभा) द्यायचा, नाहीतर सक्तीचं भूसंपादन करायचं. पालिकांच्या तिजोरीकडे पाहता दुसरी वाट सगळ्यांना प्रिय. बिल्डर प्लॉटमधला डीपी रस्त्याचा भाग पालिकेला देतो, ताबापावती होते, आणि त्या जागेचा एफएसआय तो उरलेल्या प्लॉटवर वापरतो. मात्र 10 वर्षं उलटूनही जमीन घेतली नाही, तर मालक कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो. पुढच्या 24 महिन्यांत पालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर जमिनीवरचं आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. पुण्यातल्या जुन्या लोकांना एचसीएमटीआर आठवत असेल. सुमारे 36 किलोमीटरचा हा वर्तुळाकार मार्ग 1987 च्या आराखड्यात दाखवलेला आहे. त्यावरून अजून कुणी गाडी चालवलेली नाही.

ले-आउटच्या रस्त्याची गोष्ट याच्या उलट्या टोकाने सुरू होते. इथे रस्ता आधी होतो आणि पालिका नंतर येते, किंवा येतच नाही. जमीनमालक आपल्या जमिनीचे प्लॉट पाडतो, प्रत्येक प्लॉटला वाट हवी म्हणून आत रस्ते दाखवतो, पालिका ते रेखांकन, म्हणजेच ले-आउट, मंजूर करते. ही मंजुरी म्हणजे ‘अशा रुंदीचे रस्ते इथे ठेवा’ एवढंच. ‘हे रस्ते आता आमचे’ असं पालिका त्यात म्हणत नाही. अनेक मंजुरीपत्रांत अंतर्गत रस्ते नाममात्र 1 रुपयात हस्तांतरित करण्याची अट असते, पण अट लिहिलेली असणं वेगळं आणि ती पाळून ताबापावती होणं वेगळं. बिल्डर शेवटचा फ्लॅट विकून निघून गेला की त्या अटीची आठवण कुणाला राहत नाही.

असा खासगी रस्ता सार्वजनिक कसा होतो, हे मुंबई सोडून इतर शहरांसाठी 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 222 मध्ये आहे. मुंबईला 1888 चा स्वतःचा कायदा आहे. त्यातलं कलम 306 जवळपास याच शब्दांचं. रस्ता सपाट केलेला, खडी किंवा फरशी घातलेला, सांडपाण्याची आणि पावसाळी पाण्याची सोय असलेला हवा, आणि तोही आयुक्तांचं समाधान होईल असा. मग आयुक्त तो सार्वजनिक म्हणून जाहीर करू शकतात. एखाद्या मालकाने मागणी केली आणि दिव्यांची सोय झालेली असेल, जमिनीचा शेतसारा थकलेला नसेल, तर त्यांना तो जाहीर करावाच लागतो. जाहीर करण्याची रीतही साधी आहे: त्याच रस्त्यावर नोटीस लावायची. पण महिन्याभरात रस्त्याच्या मोठ्या भागाच्या मालकाने लेखी हरकत घेतली, तर सगळं तिथेच थांबतं.

मला या कलमातली गंमत उशिरा कळली. आम्ही पालिकेकडे दिवे मागत होतो, आणि कायदा म्हणतो की आधी दिवे लावा, मग रस्ता आमचा.

आता ‘पालिकेचा’ या शब्दातली गाठ. कायदा सांगतो की सार्वजनिक रस्ता पालिकेकडे ‘निहित’ होतो. निहित होणं म्हणजे संपूर्ण मालकी मिळणं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये मंगलौर नगरपालिकेच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. हे मंगलौर तेव्हाच्या उत्तर प्रदेशातलं, कर्नाटकातलं नव्हे. तिथल्या नगरपालिकेला रस्त्याकडेच्या मोकळ्या पट्ट्यावर गांधीजींचा पुतळा, पाणपोई आणि वाचनालयाची खोली बांधायची होती. हेतू चांगलाच होता. न्यायालय म्हणालं, रस्ता म्हणून लागेल तेवढाच पृष्ठभाग आणि त्याखालची तेवढीच जमीन नगरपालिकेकडे आहे. पुतळा आणि वाचनालय म्हणजे रस्ता नव्हे. म्हणूनच एखाद्या वापरातल्या रस्त्याच्या सातबाऱ्यावर आजही पणजोबांचं नाव सापडतं आणि एखादा वारस त्यावर हक्क सांगायला येतो. डीपी रस्त्यात जमीन विकत किंवा टीडीआर देऊन घेतलेली असते, तेव्हा मालकीही येते. फक्त फेरफार वेळेवर करून घ्यायला हवा, आणि तिथेच ढिलाई होते.

रस्तारेषा हे तिसरं प्रकरण, 1949 च्याच अधिनियमातल्या कलम 210 चं. त्यात असलेला रस्ता रुंद करायची हद्द ठरते, नवा रस्ता जन्माला येत नाही. गुंठेवारीतल्या, म्हणजे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकलेल्या जमिनीतल्या बोळांना तर मंजूर रेखांकनसुद्धा नसतं, त्यांचा प्रश्न आणखी मागून सुरू होतो. आणि तुमचा भाग नुकताच ग्रामपंचायतीतून शहरात आला असेल, तर आधी पंचायतीचा नमुना 23 पाहा. ताब्यातल्या रस्त्यांची नोंदवही ती. त्यात रस्ता असेल तर पालिकेशी बोलताना हातात काहीतरी असतं.

आपला रस्ता कोणता ते कसं ओळखायचं? नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. रस्ता त्यात दिसला तर डीपीचा. मग विचारायचं एवढंच की ताबा घेतला का, कधी, कशाच्या बदल्यात. नकाशात नसेल, तर मंजूर ले-आउट, त्यातल्या अटी आणि रस्त्याच्या तुकड्याचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका. रस्त्याला बऱ्याचदा वेगळा उतारा असतो, तो मागितल्याशिवाय कुणी दाखवत नाही. ताबापावतीची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

आम्ही उतारा काढला. रस्त्याचा मोठा भाग अजून मूळ शेतकऱ्याच्या नावावर होता. ते वारले होते आणि वारस पाच. काका आणि मी दोन रविवार त्यांच्याकडे जाऊन आलो. चौघांनी चहा पाजून संमतीपत्रावर सह्या केल्या. पाचवे म्हणाले, आधी थकलेला सारा तुम्ही भरा. भरला. दिव्याचे खांबही वर्गणी काढून उभे केले, आणि कलम 222 चा अर्ज आवक-जावकला देऊन शिक्क्याची प्रत घेतली. ती आता त्याच फाइलला, जुन्या उत्तराच्या वर लावलेली आहे.